थ्रीडी व्ह्यू नको, वही दाखवा

आजकाल सोलापुरात कुणाच्याही घरी जा, बांधकाम काढलेलं असेल तर चहाच्या आधी मोबाईल पुढे येतो. "थांब, व्ह्यू दाखवतो." आणि मग तो व्ह्यू. निळंशार आभाळ, हिरवंगार लॉन, दारात पांढरी जर्मन गाडी, कडेने पामची झाडं, आणि गच्चीवर कॉफीचा मग घेऊन उभी असलेली एक गोरी बाई. जुळे सोलापुरातल्या तीस बाय चाळीसच्या प्लॉटवर! बघणारा म्हणतो, "भारी झालंय की बे." मालक खूष, आर्किटेक्ट खूष, आणि दुसऱ्या दिवशी तो व्ह्यू नातेवाईकांच्या सगळ्या ग्रुपवर.

त्या बाईबद्दल माझं काही म्हणणं नाही (बिचारी महाराष्ट्रातल्या किती गच्च्यांवर उभी राहत असेल). चित्रात काळी टाकी नसते, सोलर नसतो, एसीचं बाहेरचं धूड नसतं, शेजाऱ्याची बिनगिलाव्याची भिंत नसते, हेही एकवेळ सोडून देऊ. ज्या शहराने वर्षानुवर्षं चार-चार, पाच-पाच दिवसांआड पाणी भरलं त्या शहरातल्या घराच्या चित्रात हौदाचं झाकणसुद्धा दिसत नाही, हे मात्र सोडवत नाही. पण माझी मूळ तक्रार याहून वेगळी आहे.

तक्रार अशी की क्लायंटला शेवटचं चित्र दाखवतात, तिथवर कसे पोचलो ते कधीच दाखवत नाहीत. या प्लॉटवर जिना किती ठिकाणी बसत होता? त्यातल्या दोन जागा का टाकून दिल्या? स्वयंपाकघर पूर्वेला होतं ते उत्तरेला कधी गेलं, कुणाच्या सांगण्यावरून गेलं, आणि त्याबदल्यात काय गेलं? हे सगळं आर्किटेक्टच्या डोक्यात असतं. ट्रेसिंग पेपर रद्दीत जातो, कॉम्प्युटरवरची फाईल पुसून तिच्यावर 'फायनल_नवीन_फायनल२' बसते, आणि चार वर्षांनी खुद्द आर्किटेक्टलाही आठवत नाही की ती खिडकी तिथे का आहे.

माझं म्हणणं सरळ आहे. डिझाइन करताना जे जे ठरलं आणि जे जे नाकारलं त्याची तारीखवार नोंद ठेवायची, आणि ती क्लायंटला दाखवायची. मागितली तर नव्हे, न मागता. आपण फी देतो ती विचार करण्याची देतो ना? मग विचार कुठे आहे?

आता आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांकडे बघा. (बघू नका असं बरेच जण म्हणतील, पण या एका बाबतीत बघा.) साधी दोन ओळींची दुरुस्ती केली तरी कोणी केली, कधी केली आणि का केली हे कायमचं नोंदलं जातं. गिट २००५ साली आलं, त्याच्याआधी सबव्हर्जन होतं, त्याच्याआधी सीव्हीएस. गिटमध्ये 'ब्लेम' नावाची आज्ञाच आहे. ती दिली की प्रत्येक ओळीपुढे लिहिणाऱ्याचं नाव आणि तारीख येते. नाव भांडखोर आहे, पण तिचा खरा उपयोग भांडणासाठी नाही. "ही विचित्र अट इथे का आहे" हे समजल्याशिवाय ती काढू नये, म्हणून आहे. आता निम्म्या कमिट मेसेजेसमध्ये नुसतं 'फिक्स्ड' लिहिलेलं असतं हे जगजाहीर आहे. पण उरलेल्या निम्म्यांवर या उद्योगाचं पोट चालतं.

मोठ्या निर्णयांसाठी तर २०११ साली मायकेल नायगार्डने एक साधी पद्धत सुचवली, 'आर्किटेक्चर डिसिजन रेकॉर्ड'. एका निर्णयाला एक-दोन पानं: परिस्थिती काय होती, काय ठरवलं, आणि त्याचे परिणाम काय, चांगले आणि वाईट दोन्ही. निर्णय पुढे बदलला तर जुना कागद फाडायचा नाही, "हा आता लागू नाही" असं त्यावर लिहायचं आणि नवा जोडायचा. गंमत बघा, 'आर्किटेक्चर' हा शब्द आम्ही बांधकामवाल्यांकडून उचलला, आणि त्याची नोंद कशी ठेवायची हे त्यांना आम्ही सांगतोय.

खरं तर आम्ही शब्दच नाही, बरंच काही उचललंय. क्रिस्टोफर अलेक्झांडर नावाचा आर्किटेक्ट होता (२०२२ मध्ये गेला). त्याच्या 'पॅटर्न लँग्वेज' या १९७७ च्या पुस्तकावरून आमच्याकडची 'डिझाइन पॅटर्न्स'ची कल्पना आली, जी आपण सगळ्यांनी इंटरव्ह्यूच्या आदल्या रात्री पाठ केलेली आहे. त्याचं १९६४ चं पुस्तक आणखी मजेदार आहे. त्यात उदाहरण घेतलंय ते भारतातल्या एका खेड्याचं. त्या खेड्याच्या गरजा त्याने एकेक करून लिहिल्या, १४१ भरल्या. मग कुठली गरज कुठल्या गरजेशी अडते किंवा जुळते ते मांडलं, त्यांचे गट पाडले, आणि प्रत्येक गटावरून आकृती कशी निघाली ते दाखवलं. सगळं पुस्तकाच्या शेवटी छापलेलं आहे. पुढे १९७१ च्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत त्याने स्वतःच या 'डिझाइन मेथड' प्रकाराशी काडीमोड घेतला. पण तो का घेतला हे आपल्याला आज समजतं, आणि त्याच्याशी भांडताही येतं, कारण आधीचा विचार कागदावर आहे.

असो. पुस्तकं बाजूला ठेवू, विजापूर रोडवर येऊ.

माझे एक काका एसटीतून रिटायर झाले. फंड, ग्रॅच्युइटी आणि काकूंच्या दोन पाटल्या, एवढ्यावर घर बांधलं. प्लॉट पूर्वाभिमुख. आर्किटेक्टने (नाव सांगत नाही, आणि सांगून उपयोगही नाही, कारण अशी माणसं गल्लोगल्ली आहेत) पहिला जो प्लॅन केला त्यात नैऋत्य कोपऱ्यात जिना, स्टोअर आणि संडास-बाथरूम होतं. झोपायची खोली पूर्वेच्या अंगाला. मग कुणीतरी वास्तूवाला आणला. तो म्हणाला, घरच्या कर्त्याची खोली नैऋत्येलाच पाहिजे. काकांनी निरोप दिला, आर्किटेक्टने "करतो की काका" म्हणून तीन दिवसांत नवा प्लॅन आणला. जिना इकडे, बेडरूम तिकडे. नवीन व्ह्यूही आणला. बाई होतीच.

मे महिन्यात सोलापूर बेचाळीस-चव्वेचाळीस डिग्रीला पोचतं हे सांगायला नको. दुपारी बारानंतर सूर्य पश्चिमेकडे कलला की संध्याकाळपर्यंत सगळा मारा पश्चिमेच्या भिंतीवर. नऊ इंची विटेची भिंत दिवसभर ते ऊन पिते आणि रात्री अकरापर्यंत खोलीत सोडत बसते. पहिल्या प्लॅनमध्ये तो जिना आणि ते स्टोअर तिथे उगाच नव्हतं. ती उन्हाची ढाल होती. ज्या जागेत माणूस पाच मिनिटांच्या वर थांबत नाही ती जागा उन्हाच्या बाजूला ठेवायची आणि झोपायची खोली तिच्या आड लपवायची. चांगला विचार होता! आणि तो विचार करणारा माणूस तो विचार मोडला जात असताना गप्प बसला.

काकांनी पहिल्या उन्हाळ्यानंतर विचारलं, "साहेब, बेडरूम असल्या भट्टीत का काढली?" उत्तर आलं, "काका, तुम्हीच सांगितलं होतं." दोघंही खरं बोलत होते. काका आता उन्हाळाभर हॉलमध्ये कूलरसमोर गादी टाकतात आणि त्यांचं एकच म्हणणं असतं, "वास्तू पाळायची का नाही ते मी ठरवलं असतं रे. पण त्याची किंमत काय, ते तर सांगायचं."

पाच ओळींचं काम होतं. तारीख. प्रश्न: बेडरूम नैऋत्येला न्यायची का. पहिली मांडणी अशी का होती: पश्चिमेचं ऊन. बदललं तर काय होईल: खोली मे महिन्यात मध्यरात्रीपर्यंत तापेल, नाहीतर पश्चिमेला रुंद छज्जा किंवा दुहेरी भिंत, खर्च इतका. कोण म्हणालं, काय ठरलं. खाली दोघांच्या सह्या. काकांनी तरीही नैऋत्य निवडली असती तर तो त्यांचा हक्क. कदाचित छज्जा घेतला असता. आणि आर्किटेक्टलाही चार वर्षांनी तोंड लपवावं लागलं नसतं. ही वही आर्किटेक्टच्या विरोधात आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी ही गोष्ट पुन्हा वाचावी.

आता यावर आर्किटेक्ट मित्र काय म्हणतात ते मला माहीत आहे, कारण ते माझ्याशी भांडून झालेले आहेत. एक म्हणतो, "क्लायंटला तीन पर्याय दाखवले की तो चौथा मागतो." मागू दे. तो चौथा आधीच दुसऱ्या पानावर नाकारलेला निघतो, हाच तर वहीचा फायदा आहे. दुसरा म्हणतो, "खोडलेलं दाखवलं तर त्याला वाटेल आपल्याला येत नाही." डॉक्टरने तीन टेस्ट करून दोन आजार नाहीत असं सांगितलं तर आपण त्याला ठोंब्या म्हणतो का? तिसरा खरं बोलतो. "अरे, लोक पैसे देत नाहीत त्याचे. इथे लोक प्लॅन पास करून द्यायचे आणि व्ह्यूचे पैसे देतात." हे मात्र मान्य करायला लागतं. शिवाय १९७२ च्या कायद्याने 'आर्किटेक्ट' हे बिरुद राखीव केलंय, काम राखीव केलेलं नाही. सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये तेच स्पष्ट केलं. म्हणजे शेजारचा कुणीही कमी पैशात नकाशा काढून द्यायला बसलेला आहे. पण मित्रा, म्हणूनच! तो शेजारचा नकाशा देऊ शकतो. व्ह्यू तर आता एआय अर्ध्या मिनिटात देतं, बाईसकट. जे कुणालाच फुकट देता येत नाही ते म्हणजे तू या प्लॉटवर, या उन्हात, या माणसांसाठी केलेला विचार. आणि नेमका तोच तू रद्दीत टाकतोस.

कागदपत्रं आम्ही ठेवतो की, असंही म्हणतात. ठेवतात. कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरने कामाचे टप्पे ठरवून दिलेत: कन्सेप्ट, प्राथमिक आराखडा, मंजुरीचे नकाशे, कामाचे नकाशे, टेंडर, बांधकाम, आणि शेवटी प्रत्यक्ष जसं बांधलं तसे 'अ‍ॅज बिल्ट' नकाशे. उत्तम. पण प्रत्येक टप्प्यावर क्लायंटच्या हातात येतं ते उत्तर. गणित कुठेच येत नाही. पुण्यात फ्लॅट घेणाऱ्यांचंही तेच. रेराच्या कायद्यातलं कलम १४ म्हणतं की मंजूर नकाशा तुमच्या संमतीशिवाय बदलायचा नाही. मोलाचं कलम आहे. पण तुम्ही ज्याला संमती देताय तो नकाशा मुळात तसा का आहे, हे बिल्डरने तुम्हाला सांगायचं असं कुठे आहे?

एक फॅशन मात्र आली आहे आणि तिचा वेगळा समाचार घ्यायला हवा. 'प्रोसेस'ची रील. टाइमलॅप्समध्ये पेन्सिल सर्रसर फिरते, ट्रेसिंगवर ट्रेसिंग पडतो, मागे गिटार, आणि तीस सेकंदांत कागदातून घर उगवतं. लोकांना वाटतं, वा, काय पारदर्शकता. त्यात एकही चूक नसते, एकही भांडण नसतं, "बजेट संपलं म्हणून अंगण उडवलं" हे नसतं. ही नोंद नव्हे, ही जाहिरात आहे. व्ह्यूमधली बाई उतरून तिच्या जागी पेन्सिल उभी केली इतकंच.

इथे मला आमच्याच जातीतल्या एका थोर माणसाशी पंगा घ्यावा लागेल. डेव्हिड पार्नास आणि पॉल क्लेमेंट्स यांचा १९८६ चा एक प्रसिद्ध पेपर आहे. त्याचं म्हणणं असं की डिझाइनची प्रक्रिया कधीच शहाण्यासारखी सरळ नसते, माणूस अडखळत, मागेपुढे करतच जातो. पण कागदपत्रं मात्र अशी लिहावीत जणू सगळं सुरुवातीपासून तर्काने घडलं. सोंग आणा म्हणतात, उघडपणे! आणि त्यांची कारणं पटण्यासारखी आहेत. नंतर येणाऱ्या इंजिनिअरला तुमच्या अडखळण्याचा इतिहास नको असतो, त्याला प्रणाली समजून घ्यायची असते. पण तेच दोघं त्याच पेपरात सांगतात की नाकारलेले पर्याय आणि ते का नाकारले हे लिहून ठेवा. रीलवाले पहिला अर्धा भाग घेतात, दुसरा विसरतात. आणि माझा मुद्दा त्याच्याही पुढचा आहे. प्रोग्रॅम वाचणारा इंजिनिअर त्याच धंद्यातला असतो, त्याला नीटनेटकी गोष्ट पुरते. घरमालक त्या धंद्यातला नाही आणि तो या निर्णयांत भागीदार आहे. त्याला निर्णय होत असताना वही दिसली पाहिजे, झाल्यावर रंगवलेली नव्हे. नंतर लिहिलेली वही म्हणजे परीक्षेनंतर पुरी केलेली प्रयोगवही. आपण सगळ्यांनी पाहिलीयेत ती.

"हे सगळं बंगलेवाल्यांचं कौतुक, गरिबाला काय त्याचं" असं कुणी म्हणेल. उलट आहे. बंगलेवाला चुकलेल्या खोलीत दुसरा एसी लावतो. ज्याला आयुष्यात एकच घर मिळणार आहे आणि तेही तीनशे-साडेतीनशे फुटांचं, त्याच्यासाठी दोन फुटांचा निर्णय म्हणजे सगळंच.

आणि सोलापूरने यात जे केलंय ते देशात क्वचित कुणी केलं असेल. शहराबाहेर कुंभारीला विडी कामगार बायकांसाठी दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत उभी राहिली. सप्टेंबर २००६ मध्ये तेव्हाचे पंतप्रधान मनमोहन सिंग तिच्यासाठी सोलापूरला आले होते. आडम मास्तरांनी (कॉम्रेड नरसय्या आडम) कामगारांना घेऊन वर्षानुवर्षं लढून मिळवलेली घरं. मग त्याच कुंभारीला तीस हजार घरांचं रे नगर. नाव राजीव आवास योजनेच्या आद्याक्षरांवरून, घरं प्रधानमंत्री आवास योजनेतून. जानेवारी २०१९ मध्ये पंतप्रधान मोदींच्या हस्ते भूमिपूजन, आणि १९ जानेवारी २०२४ ला त्यांच्याच हस्ते पहिली पंधरा हजार घरं लोकांच्या ताब्यात. विडी कामगार, यंत्रमाग कामगार, कचरा वेचणारे. म्हणजे एकाच गावाच्या शिवारात, जवळजवळ त्याच माणसांसाठी, पहिली आवृत्ती आणि दुसरी आवृत्ती, मध्ये सतरा वर्षांचा वापर! सॉफ्टवेअरमध्ये असा वापराचा डेटा मिळाला तर लोक नाचतील.

विडी कामगार बाईचं घर हे घर नसतं, कारखाना असतो. ती कारखान्याच्या शाखेतून पानं-तंबाखू आणते, पानं भिजवते, कापते, मांडीवर सूप घेऊन दिवसभर वळते. तिला दाराशी उजेड लागतो, पण पानं आणि तंबाखू उडवणारा वारा नको असतो. पानं भिजवायला मोरी लागते. तंबाखूची भुकटी तान्ह्या पोरापासून लांब ठेवायची असते, एकाच खोलीत. यातलं काय नकाशात आलं, काय पैशाअभावी मागे पडलं, पहिल्या दहा हजार घरांत बायकांनी स्वतःच्या हाताने कुठे भिंत पाडली, कुठे पत्रा वाढवला, आणि त्यावरून दुसऱ्या वेळी काय बदललं, हे उद्घाटनाच्या बातमीचे विषय नसतात. बातमीत एकर येतात, कोटी येतात, चावी येते. माझ्या मते ही नोंद मराठीत (आणि तेलुगूत, कारण पूर्वभागातल्या अर्ध्या घरांत तेलुगू बोलतात) छापून वसाहतीच्या ऑफिसात ठेवली पाहिजे. तीस हजार क्लायंट आहेत हो! लाभार्थी म्हटलं की माणूस क्लायंट राहत नाही, हीच तर गोम आहे.

आणि त्या बायकांना वही समजणार नाही असं तर म्हणूच नका. विडी कामगार बाईइतकी नोंदीची किंमत कुणालाच कळत नाही. किती पानं दिली, किती विड्या परत आल्या, किती छाटल्या, हे तिच्या पासबुकात चढतं. तिचा फंड आणि पेन्शन त्या पासबुकावर उभं असतं. नोंद नाही म्हणजे ती कामगारच नाही. नाकारलेल्या मालाचीसुद्धा नोंद ठेवायची असते हे तिला आपल्या आर्किटेक्टपेक्षा चांगलं माहीत आहे.

भायखळ्याला हे झालेलंही आहे. १९८० च्या दशकात फुटपाथवर राहणाऱ्या महिला मिलनच्या बायकांनी, स्पार्क या संस्थेच्या साथीने, खऱ्या मापाची घरं उभी करून प्रदर्शन मांडलं. घरं म्हणजे लाकडी सांगाडा आणि कापड. आत शिरा, बसा, झोपून बघा, आणि सांगा. त्यांना हवी होती चौदा फूट उंची, म्हणजे आत पोटमाळा निघतो आणि झोपायची जागा वाढते. घरातल्या घरात संडास नको, चार घरांत मिळून हवा. सुशिक्षित माणसाला हे उलटं वाटतं, पण आत उभं राहून एक-एक वस्तू मांडून बघितली की कारण कळतं. प्रक्रिया दाखवणं म्हणजे हे. सॉफ्टवेअर लागत नाही, कॅमेरा तर अजिबातच नाही.

तेव्हा तुमच्यापैकी जे गावाकडे आई-बाबांसाठी घर बांधताय (आणि हिंजवडीत बसून व्हॉट्सअ‍ॅपवर 'ओके' पाठवताय), त्यांना सांगतो. पुढच्या वेळी व्ह्यू आला की टाकून दिलेले प्लॅन मागा. "का टाकले" ते विचारा आणि उत्तर त्याच ग्रुपवर लिहून घ्या. आई-बाबांना वाचता येईल अशा मराठीत. आर्किटेक्ट कुरकुरला तर दोनशे पानी वही तुम्हीच आणा, नवी पेठेत कुठल्याही दुकानात मिळते, पहिल्या पानावर प्लॉट नंबर घाला आणि दुसऱ्या पानावर लिहा: पश्चिमेला काय ठेवायचं?